कंपनी अडचणीत येते तेव्हा काय बोलावं, काय बोलू नये: सोलापूरच्या कारखानदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चादर, टॉवेल, युनिफॉर्म, शेंगा चटणी, विडी. सोलापुरातले बहुतेक धंदे घरचे आहेत. जनसंपर्क अधिकारी नावाचा माणूस इथे नसतो. मालक, त्यांचे भाऊ आणि हिशेब बघणारे दिवाणजी एवढेच सगळं निभावतात. त्यामुळे एखादा व्हिडिओ फिरायला लागला की रात्री अकराला जो जागा असेल तो रागाच्या भरात मेसेज टाकून मोकळा होतो. सकाळी लोक मूळ तक्रार विसरून त्या मेसेजवर बोलत असतात.

आधी बातमीच्या टेबलावर आणि नंतर कारखानदारांच्या बाजूने काम करताना जे प्रश्न सतत कानावर आले, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. उदाहरणं बहुतेक मोठ्या कंपन्यांची आहेत, कारण त्यांच्या चुका जगजाहीर आहेत आणि कुणालाही तपासून बघता येतात.

आमचे बारा माग. आमची बातमी कोण करणार?

बातमी करायला आता पेपर लागत नाही. तुमचा टॉवेल पुण्याच्या हॉटेलात आहे, चादर मुंबईच्या कुणाच्या तरी घरात आहे आणि प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे. आणखी एक गोष्ट सोलापूरला जास्त लागू पडते. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. हे नाव एकट्या कारखान्याचं नाही, सगळ्या गावाचं आहे. व्हिडिओखाली लोक तुमच्या फर्मचं नाव लिहीत नाहीत, ‘सोलापूरचा माल असाच असतो’ असं लिहितात. चाटी गल्लीतल्या ज्या दुकानदाराचा तुमच्याशी कधी व्यवहारही झाला नाही, त्याच्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न विचारतं. म्हणून बारा मागवाल्याने काय उत्तर दिलं याच्याशी बाराशे मागवाल्यांचाही संबंध असतो.

प्रकरण नेमकं बिघडतं कुठे?

माझ्या अनुभवात बहुतेक वेळा पहिल्या निवेदनाच्या पहिल्या वाक्यात. ते वाक्य कुणासाठी लिहिलंय, यावर पुढचं सगळं ठरतं. ज्याला त्रास झाला त्याच्यासाठी लिहिलं असेल तर लोक थांबून ऐकतात. स्वतःला वाचवण्यासाठी लिहिलं असेल तर ते कुणाच्या तरी माथ्यावर खापर फोडतंच. आणि खापर नेहमी खालच्या माणसावर फुटतं: दुकानदारावर, कामगारावर, नाहीतर गिऱ्हाइकावर.

कॅडबरीचं प्रकरण महाराष्ट्रातलंच आहे. ऑक्टोबर २००३, दिवाळी तोंडावर आलेली. मुंबईत डेअरी मिल्कच्या वड्यांमध्ये अळ्या सापडल्याच्या तक्रारी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आल्या. प्रशासनाने पुण्याच्या कारखान्यात तयार झालेला साठा जप्त केला. कंपनी म्हणाली, आमच्या कारखान्यात अळी होऊ शकत नाही, दुकानात माल नीट ठेवला नसेल. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर असण्याची शक्यताही होती. पण प्रशासनाने उलटा प्रश्न केला: मग तुमचं वेष्टन काय कामाचं? दुकानात उंदीर, झुरळं, ऊन असणार हे कंपनीला माहीत नव्हतं का?

आता हे दुकानदाराच्या बाजूने बघा. वर्षानुवर्षं तुमचा माल त्याने विकला आणि अडचणीच्या पहिल्याच दिवशी तुम्ही त्याला आरोपी केलं. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाने विचारलं तर तो तुमची बाजू कशाला घेईल? ऐन सणात विक्री जोरात घसरली. कंपनी सावरली ती दिशा बदलल्यावरच. दुकानदारांना साठवणुकीची माहिती आणि मदत देणारा ‘प्रोजेक्ट विश्वास’ सुरू झाला. जानेवारी २००४ मध्ये उष्णतेने सील केलेलं जाड अॅल्युमिनियम फॉइलचं नवं वेष्टन आलं आणि त्यासाठी वाढलेला खर्च कंपनीने सोसला. अमिताभ बच्चन जाहिरातीत आले ते त्यानंतर. लोकांच्या लक्षात बच्चन राहिले, पण माझ्या मते काम वेष्टनाने केलं. नुसता चेहरा आणला असता आणि कागद तोच ठेवला असता, तर पुढच्या अळीला बच्चनसुद्धा उत्तर देऊ शकले नसते.

चूक आमची नसेलच, तर? खोट्यासमोर का झुकायचं?

झुकू नका. पण ‘आम्ही बरोबर आहोत’ एवढ्यावर भागत नाही, आणि हे मॅगीइतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही.

२०१४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीत एका अन्न निरीक्षकाने मॅगीचं पाकीट तपासणीला पाठवलं. पाकिटावर ‘एमएसजी घातलेलं नाही’ (एमएसजी म्हणजे चव वाढवणारा पदार्थ) असं छापलेलं होतं, आणि तपासणीत एमएसजी सापडलं. नमुना पुढे कोलकात्याच्या केंद्रीय प्रयोगशाळेत गेला. तिथल्या अहवालात शिशाचं प्रमाण १७.२ पीपीएम (दहा लाख भागांत १७.२ भाग) निघालं. मर्यादा होती २.५. मे २०१५ मध्ये हे देशभर पसरलं. नेस्लेचं म्हणणं होतं की आमच्या चाचण्यांत शिसं मर्यादेत आहे. ते तेच म्हणत राहिले. ट्विटरवर विचारणाऱ्या प्रत्येकाला जवळपास तेच छापील उत्तर मिळत होतं. आई विचारत होती, ‘काल मुलाला दिली, आता काय करू?’ आणि उत्तर येत होतं की उत्पादन सुरक्षित आहे. नेस्लेचे जागतिक प्रमुख दिल्लीत पत्रकारांसमोर आले ५ जूनला, आणि केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा माल मागे घेण्याचा आदेशही त्याच दिवशी निघाला.

पुढे १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. कंपनीला बाजू मांडायची संधी दिली नाही आणि तपासण्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत झाल्या नाहीत, असं न्यायालयाने म्हटलं. तीन प्रयोगशाळांत नव्याने तपासणी झाली, नमुने निर्दोष ठरले आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी परत आली. पण तोवर २५ हजार टनांहून जास्त माल सिमेंटच्या भट्ट्यांत जाळला गेला होता आणि एप्रिल ते जून या तिमाहीत नेस्ले इंडियाला ६४ कोटींहून जास्त तोटा झाला होता. कंपनी कोर्टात जिंकली, तरी बाजारात पाच महिने मॅगी नव्हती.

तुम्ही बरोबर असाल तर ते दाखवा. बाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल लोकांसमोर ठेवा, कारखान्याचं दार उघडा, आणि ज्याला भीती वाटते त्याच्या भीतीला आधी उत्तर द्या. ‘मुलाने खाल्लं असेल तर काय’ याचं उत्तर पहिलं, ‘आमची गुणवत्ता’ नंतर.

आरोप करणाऱ्या संस्थेवरच तुटून पडलं तर?

ऑगस्ट २००३ मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या पर्यावरण संस्थेने शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचं जाहीर केलं. कोकाकोला आणि पेप्सी हे एकमेकांचे कट्टर स्पर्धक, पण पत्रकार परिषदेला एकत्र बसले आणि संस्थेच्या तपासणीवर तुटून पडले. संसदेने चौकशीसाठी संयुक्त समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते शरद पवार, जे पुढे २००९ ला आपल्या माढ्यातून लोकसभेवर गेले. समितीचा अहवाल फेब्रुवारी २००४ मध्ये आला आणि संस्थेचे निष्कर्ष बरोबर ठरले. ज्याला खोटं म्हटलं तो खरा निघाला की पुढची दहा वर्षं तुमच्या कुठल्याच खुलाशाला वजन राहत नाही.

चूक खरोखर आमचीच आहे. वकील म्हणतात, एक अक्षर बोलू नका.

वकिलांचं काम खटला जिंकणं. ते त्यांच्या जागी बरोबर आहेत आणि त्यांना विचारल्याशिवाय कारणं, जबाबदारी, रक्कम यांवर लिहू नका. पण काळजी व्यक्त करणं, विक्री थांबवणं, माल परत घेणं आणि तपास सुरू केल्याचं सांगणं हे सगळं गुन्हा कबूल न करता करता येतं. वकील आणि तुम्ही एकत्र बसून निवेदन लिहा. एकट्या वकिलाने लिहिलेलं निवेदन समोरच्या वकिलासाठी असतं, घाबरलेल्या गिऱ्हाइकासाठी नसतं.

टॉवेलवाल्यांनी वेलस्पनचं प्रकरण जरूर अभ्यासावं, कारण धंदा आपलाच आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेच्या टार्गेट या दुकानसाखळीने जाहीर केलं की ‘इजिप्शियन कॉटन’ म्हणून वेलस्पनने पुरवलेल्या चादरी आणि उशांचे अभ्रे दुसऱ्याच कापसाचे होते. असे सुमारे साडेसात लाख नग होते आणि हे जवळपास दोन वर्षं चाललं होतं. टार्गेटने व्यवहार तोडला. पहिल्याच दिवशी वेलस्पनचा शेअर २० टक्के पडला, काही दिवसांत जवळपास निम्म्यावर आला. कंपनीने बाहेरचे लेखापरीक्षक नेमून पुरवठ्याची साखळी तपासायला लावली आणि नंतर शेतातल्या कापसापासून दुकानातल्या मालापर्यंत माग काढणारी यंत्रणा उभी केली. सूत कुठून आलं याचा कागद आपल्याकडे आहे का, हा प्रश्न अक्कलकोट रोडवरच्या प्रत्येक कारखान्याने आजच स्वतःला विचारावा. ‘शंभर टक्के कॉटन’ असं लेबल लावून आत पॉलिस्टरचा धागा असेल, तर तो कधीतरी बाहेर येणारच.

पहिल्या दिवशी काहीच माहीत नसतं. मग बोलायचं तरी काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून इथे सविस्तर उत्तर देतो.

समजा, नाशिकच्या एका आईने व्हिडिओ टाकला आहे. तुमचा गडद लाल टॉवेल, त्याचा रंग पाण्यात उतरलेला, आणि बाळाच्या पाठीवर पुरळ. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ व्यापाऱ्यांच्या सगळ्या ग्रुपवर आला आहे. अशा वेळी निवेदन बहुतेकदा असं निघतं:

‘आमची फर्म गेली चाळीस वर्षे गुणवत्तेसाठी प्रसिद्ध आहे. काही समाजकंटक हेतुपुरस्सर व्हिडिओ पसरवून बदनामी करत आहेत. सदर टॉवेल आमचाच असल्याचा कोणताही पुरावा नाही. धुण्याच्या सूचना न पाळल्यास रंग जाऊ शकतो. तरीही कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास आम्ही दिलगीर आहोत. बदनामी करणाऱ्यांवर कठोर कायदेशीर कारवाई करण्यात येईल.’

एकेक वाक्य घेऊ. बाळाच्या अंगावर पुरळ आलंय आणि सुरुवात तुमच्या चाळीस वर्षांनी झाली. दुसऱ्या वाक्यात एका आईला समाजकंटक ठरवलं. तिसऱ्या वाक्याला ती लेबलचा फोटो टाकून उत्तर देईल आणि तिथे तुम्ही खोटे पडाल. चौथ्यात दोष तिच्यावरच ढकलला, आणि ‘रंग जाऊ शकतो’ हे कबूलही करून टाकलं. पाचव्यात बाळाच्या त्वचेचा प्रश्न भावनांचा झाला. शेवटी धमकी. एवढ्या लांब निवेदनात एकदाही ‘बाळ कसं आहे’ असं विचारलेलं नाही. लोकांना राग टॉवेलचा येत नाही, याचा येतो.

आता हे वाचा:

‘आमच्या टॉवेलचा रंग जाऊन एका बाळाला त्रास झाल्याची तक्रार आज दुपारी आमच्यापर्यंत आली. बाळाच्या आईशी आम्ही फोनवर बोललो आहोत आणि डॉक्टरांचा खर्च देण्याची तयारी त्यांना सांगितली आहे. हा टॉवेल कोणत्या लॉटमधला आहे ते शोधतो आहोत. तोवर या लाल रंगातल्या सगळ्या टॉवेलची विक्री थांबवली आहे. तुमच्याकडे असा टॉवेल असेल तर वापरू नका. जिथून घेतला त्या दुकानात परत द्या, पावती नसली तरी पैसे मिळतील. रंगाची तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेकडे दिली आहे. उद्या संध्याकाळी ६ वाजता पुढची माहिती देऊ. तोवर काही कळलं नसेल तर तसंही सांगू.’

यात कुठेही ‘आम्ही दोषी’ असं लिहिलेलं नाही. पण वाचणाऱ्याला तीन गोष्टी कळतात: ज्याला त्रास झाला त्याच्याशी बोलणं झालंय, माझ्या घरात तसा टॉवेल असेल तर मी काय करायचं, आणि पुढची माहिती कधी मिळेल. खाली मालकांचं नाव आणि चालू असलेला फोन नंबर द्या. एक अट आहे: यातलं प्रत्येक वाक्य खरं असलं पाहिजे. आईला फोन केला नसेल तर आधी फोन करा, मग लिहा.

आणि ६ म्हणजे ६. सव्वासहाला लोक स्वतःची माहिती बनवायला लागतात.

तपासणीबद्दलही एक सांगतो. कापडाला लावल्या जाणाऱ्या रासायनिक रंगांपैकी घातक ठरलेल्या ११२ अॅझो रंगांवर आपल्या देशात १९९७ पासून बंदी आहे. रंगाई बाहेरच्या प्रोसेस हाऊसमधून करून घेत असाल तरी लोक आणि कायदा तुम्हालाच विचारणार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालाने झालेल्या इजेची जबाबदारी उत्पादकावर आहे. प्रत्येक लॉटच्या रंगाचं प्रमाणपत्र मागून ठेवायची सवय असेल, तर अशा वेळी अर्ध्या तासात उत्तर देता येतं.

व्हिडिओ आमच्याच कामगाराने बाहेर दिला. काढून टाकू का?

नाही. निदान त्या आठवड्यात तरी हा विचारही करू नका.

ऑक्टोबर २०१७ मध्ये दिल्ली विमानतळावर इंडिगोच्या कर्मचाऱ्यांनी एका प्रवाशाला धक्काबुक्की करून खाली पाडलं. व्हिडिओ बाहेर आला नोव्हेंबरमध्ये. तेव्हा लोकांना कळलं की कंपनीने कामावरून काढलं होतं ते व्हिडिओ काढणाऱ्या कर्मचाऱ्याला. कंपनीचं म्हणणं होतं की त्यानेच इतरांना चिथावलं. पण बघणाऱ्यांनी एवढंच पाहिलं की मारहाण करणारे कामावर आणि दाखवणारा घरी. त्यानंतरची माफी कुणी मनावर घेतली नाही.

कामगाराने बाहेर का सांगितलं हे विचारा. बहुतेक वेळा आत सांगून झालेलं असतं. वायरिंग जळतंय असं त्याने दोनदा सुपरवायझरला सांगितलेलं असतं, आणि सुपरवायझरने ते वर पोचवलेलं नसतं. त्याला काढलंत तर उरलेले सगळे एवढंच शिकतील की वायरिंग जळताना दिसलं तरी गप्प बसायचं.

कारखान्यात अपघात झाला, माणसं गेली, तर?

मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जणांचा जीव गेला. सोलापुरात हे कुणाला नव्याने सांगायला नको.

अशा वेळी निवेदन, प्रतिमा हे सगळं नंतर. आधी अग्निशमन दल, रुग्णालय आणि घरची माणसं. नातेवाइकांना बातमी टीव्हीवरून कळू नये. कंपनीच्या जबाबदार माणसाने स्वतः त्यांच्या दारात जावं, फोनवर भागवू नये. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. ते लपवलं तर पुढे बोललेल्या खऱ्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही. ‘शॉर्टसर्किटमुळे’ हा शब्द तपासाआधी तोंडातून काढू नका. मालाच्या आणि यंत्रांच्या नुकसानीचा आकडा त्या दिवशी कुणीही विचारला तरी सांगू नका. मृतांच्या शेजारी कोटी रुपयांचा आकडा छापून आला, की त्या घरातल्या माणसांना तो जन्मभर विसरता येत नाही. विमा, ईएसआय (कामगार राज्य विमा), भविष्य निर्वाह निधी यांचे अर्ज भरायला एक माणूस त्या कुटुंबांना नेमून द्या, आणि सगळे पैसे हातात पडेपर्यंत तो बदलू नका.

मालकांनी स्वतः बोलावं की मॅनेजरनी?

इजा झाली असेल, कुणाचा अपमान झाला असेल, तर मालकांनी. साधी दिरंगाई असेल तर मॅनेजर चालतील.

पण मालक बोलतात तेव्हा बाहेरच्यांना एक आणि आतल्यांना एक असं बोलू नये. एप्रिल २०१७ मध्ये शिकागोत युनायटेड एअरलाइन्सच्या विमानातून ६९ वर्षांच्या एका डॉक्टरांना ओढत बाहेर काढलं, तेही कंपनीच्याच चार कर्मचाऱ्यांना जागा करून देण्यासाठी. ऑस्कर मुनोझ हे प्रमुख. पहिल्या निवेदनात त्यांनी खेद व्यक्त केला तो प्रवाशांची सोय दुसरीकडे करावी लागल्याबद्दल. मग कर्मचाऱ्यांना पत्र लिहिलं, त्यात तो प्रवासी आक्रमक होता असं म्हटलं. पत्र लगेच बाहेर आलं. खरी माफी आली दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या प्रयत्नात, तोवर जगभर रक्ताळलेला चेहरा पोचला होता. याच मुनोझ यांना महिन्याभरापूर्वी जनसंपर्काच्या एका व्यावसायिक मासिकाने वर्षातले उत्तम संवादक म्हणून गौरवलं होतं. बोलण्याचं कौशल्य कमी नव्हतं. पहिलं वाक्य कुणासाठी लिहायचं तेवढं चुकलं.

स्वतःच्या बोलण्यामुळेच प्रकरण उभं राहिलं असेल तर खुलासा आणखी जपून करा. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचं आठवड्याला ९० तास काम करण्याबद्दलचं, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार असं विचारणारं बोलणं बाहेर आलं. कंपनीने खुलासा काढला तो राष्ट्रउभारणीसाठी असामान्य मेहनत लागते असा. चिडलेल्यांमध्ये कंपनीचेच इंजिनीअर आणि त्यांच्या घरचे होते. त्यांना तो खुलासा म्हणजे तेच बोलणं पुन्हा ऐकवल्यासारखा वाटला.

पेपरवाल्यांना सांगून बातमी थांबवता येईल का? जाहिराती आपणच देतो.

प्रयत्नही करू नका. जाहिरात विभागातून आलेला फोन संपादकीय टेबलावर कसा घेतला जातो हे मी जवळून पाहिलं आहे: बातमी थांबली तरी ती दुसऱ्याकडे जाते, आणि तिथे ‘दडपण्याचा प्रयत्न’ असा उपमथळा घेऊन छापली जाते. बातमीदाराचा फोन उचला. त्याची छपाईची वेळ विचारा आणि त्याआधी उत्तर द्या. ‘ऑफ द रेकॉर्ड’ काही सांगू नका.

लेखी निवेदन मराठीत काढलं. पुरेसं आहे?

सोलापुरात नाही. पूर्व भागात घरातलं बोलणं तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड, बऱ्याच मोहल्ल्यांत उर्दू. तुमच्या मागावरचा कामगार आणि विडी वळणारी बाई आपापसांत ज्या भाषेत बोलतात त्या भाषेत खरी माहिती पोचली नाही, तर त्या भाषेत अफवा पोचलेली असते. त्या त्या भाषेच्या माणसाकडून मोबाइलवर दोन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करून घ्या. छापील निवेदनापेक्षा ते जास्त फिरतं.

आणि कामगारांना आधी सांगा. शिफ्ट बदलताना दहा मिनिटं माग थांबवा, मालकांनी उभं राहून काय झालंय, काय करतोय, पगारावर परिणाम होणार का, हे सांगावं. घरी गेल्यावर प्रत्येकाला शेजारी विचारणार आहेत. तुमचे साठ कामगार म्हणजे साठ गल्ल्यांमधले तुमचे बोलणारे लोक आहेत.

महिला कर्मचाऱ्याची छळाची तक्रार बाहेर फुटली. खुलाशात काय लिहावं?

तिचं नाव, विभाग, गाव, ओळख पटेल असं काहीही लिहू नका. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरोधातल्या २०१३ च्या कायद्याने ते उघड करायला बंदी आहे. ‘दोघांची सहमती होती’, ‘तिची कामगिरी खराब होती’ असली वाक्यं कुणाही तर्फे जाऊ देऊ नका. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती असायलाच हवी. त्याहून कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. चौकशी ९० दिवसांत पूर्ण करायची असते. लिहायचं एवढंच: तक्रार मिळाली, समितीकडे दिली, तक्रारदाराला नोकरीत कोणताही त्रास होणार नाही. आणि खरंच होऊ देऊ नका.

व्हिडिओ टाकणाऱ्यावर अब्रुनुकसानीची नोटीस पाठवू का?

कुणी पैसे उकळायला ठरवून खोटं रचलं असेल आणि तुमच्याकडे पुरावा असेल, तर जरूर. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये तरतूद आहे. खऱ्या गिऱ्हाइकाला मात्र नोटीस पाठवू नका. ती नोटीसच दुसरा व्हिडिओ होते.

सगळा माल परत मागवायचा तर दिवाळं निघेल.

सगळा मागवावा लागतो तो लॉट कळत नसेल तेव्हा. शेंगा चटणीच्या पाकिटावर बॅच नंबर आणि तारीख स्पष्ट असेल, कोणती बॅच कोणत्या दुकानात गेली याची वही असेल, तर दोनशे किलो परत आणून भागतं. वही नसेल तर दोन टन आणावे लागतात. शेंगदाण्याला ओल लागली की बुरशी आणि अफ्लाटॉक्सिनचा (बुरशीतून तयार होणाऱ्या विषाचा) धोका असतो, तेव्हा चटणीवाल्यांनी हे हसण्यावारी नेऊ नये.

मोठा निर्णय घ्यायची वेळ आलीच तर जॉन्सन अँड जॉन्सनचं आठवा. १९८२ मध्ये शिकागो परिसरात त्यांच्या टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळलं, सात जण गेले. विष कारखान्यात मिसळलं गेलं नव्हतं, दोष दुकानावर ढकलता आला असता. कंपनीने देशभरातून ३ कोटी १० लाख बाटल्या परत घेतल्या, १० कोटी डॉलरहून जास्त खर्च केला, आणि काही आठवड्यांत छेडछाड केली तर लगेच कळेल असं सील लावून माल परत आणला. लोकांनी तो पुन्हा घेतला.

मी ग्राहक आहे. कंपनी दाद देत नसेल तर?

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. खाद्यपदार्थ असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या सोलापूर कार्यालयात जा. पाकीट, लेबल आणि उरलेला माल फेकू नका. नुकसानभरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे.

आज काहीच झालेलं नाही. आज काय करून ठेवू?

बोलणार कोण ते ठरवा, आणि ते तिरुपतीला गेले असतील तर कोण बोलणार तेही. वर दिलेल्या दुसऱ्या निवेदनाचा नमुना जागा रिकाम्या सोडून मराठीत लिहून ठेवा, तेलुगू आणि कन्नड माणसं हेरून ठेवा. लॉटची वही रोज भरली जाते का ते दर महिन्याला स्वतः बघा. प्रयोगशाळा, वकील, डॉक्टर, अग्निशमन दल, विमा प्रतिनिधी, पाच मोठे व्यापारी, चार बातमीदार यांचे नंबर एका कागदावर लिहून ऑफिसच्या भिंतीवर लावा आणि तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. दरवर्षी गड्ड्याच्या यात्रेआधी ते सगळे नंबर लावून बघा, जे बंद पडले असतील ते त्याच दिवशी बदला.